जुन्या माडीच्या फळ्या : उखडण्यापासून तेल देण्यापर्यंत

कोकणातलं माडीचं घर असो की वाई-नाशिककडचा वाडा, वरच्या मजल्याची तक्रार ठरलेली असते. फळ्या करकरतात, मधल्या फटींतून खालच्या ताटात माती पडते, एका कोपऱ्यात पाय टाकला की जमीन खाली जाते. मग पहिला येणारा माणूस सांगतो, ‘काढून टाका, कोबा घाला, वर टाइल मारून घ्या.’ ऐकू नका. सव्वा इंच जाडीची, गाभ्याची सागवानी फळी आज विकत घ्यायला गेलात तर खिसा हलका होईल आणि तरी तशी मिळेलच असं नाही.

लाकडी जमीन वयामुळे सहसा बिघडत नाही, पाण्यामुळे बिघडते. फुटलेलं कौल, भिंतीतली ओल, वरून दिलेलं सारवण, खिडकीतून येणारी झड ही कारणं शोधून बंद केली की बहुतेक फळ्या वाचतात. ती शोधली नाहीत तर नवी फळीही चार पावसाळ्यांत तिथेच जाते. म्हणून खालच्या क्रमात रंधा आणि पॉलिश पेपर फार उशिरा येतात.

हिशेबासाठी १० × १२ फुटांची एक खोली धरली आहे. तुळयांवर दीड-दीड फुटावर कड्या (फळ्यांना पेलणारी आडवी लाकडं), कड्यांवर ९ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड फळ्या. गावोगाव या भागांची नावं बदलतात, तुमचा सुतार काय म्हणतो ते आधी ऐकून घ्या. मापं सुतारी भाषेत दिली आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच, त्यामुळे एक सूत म्हणजे साधारण ३ मिलिमीटर.

१. आधी वेळ ठरवा

काम दिवाळीनंतर काढायचं. नोव्हेंबरात फळ्या उचलायच्या, जानेवारीपर्यंत कड्या आणि ठिगळं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवणं आणि तेल. मृग लागायच्या आत शेवटचा हात वाळलेला असला पाहिजे.

याचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि सोडतं, आणि त्याबरोबर रुंदीला फुगतं आणि आक्रसतं (लांबीला जवळजवळ नाही). सागवान यात बरंच शांत आहे. तरीसुद्धा मे ते ऑगस्ट या काळात लाकडातली ओल पाच-सहा टक्क्यांनी वाढली, तर ९ इंची फळी दीड ते अडीच मिलिमीटर रुंदावते. अशा चौदा फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या, तर जुलैत जमीन मधे फुगून वर येते किंवा भिंतीला रेटते. उलट ऐन पावसात बसवल्या तर मार्चमध्ये फटी पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवून थोडी जागा सोडणं हा मधला मार्ग.

२. कागदपत्रं आणि परवानगी

स्वतःच्या घरातल्या फळ्या काढून त्याच परत बसवणं ही दुरुस्ती असते, बांधकाम नव्हे. पण खालील गोष्टी आधी बघून ठेवा :

- घर कोणाच्या नावावर आहे. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मिळकत पत्रिका. नावं सामाईक असतील तर भाऊबंदांची लेखी संमती घ्या. अर्धी जमीन उचलल्यावर मुंबईहून येणारा फोन फार महाग पडतो.
- वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का. असेल तर काम काढण्याआधी वारसा कक्षाकडे अर्ज.
- मुंबईत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणारी) चाळ असेल, तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आणि मालकाकडे विचारल्याशिवाय कडीला हात लावू नका. तुमची जमीन हे खालच्या बिऱ्हाडाचं छत आहे.
- नवं किंवा जुनं सागवान विकत घेतलंत तर वखारीचं बिल जपा. स्वतःच्या आवारातला साग तोडून वापरायचा असेल तर वनखात्याची परवानगी आधी, कुऱ्हाड नंतर.
- काम सुरू होण्याआधीचे फोटो, चारही कोपऱ्यांतून आणि खालच्या खोलीतून.

३. हत्यारं आणि सामान

हत्यारं : पहार (एक मोठी, एक हातभर लांब), अंबूर, हातोडी, खिळा आत ठोकायचा पंच, पटाश्या (अर्धा आणि एक इंच), रंधा, हातकरवत, हॅक्सॉचं सुटं पातं, गुण्या, सुतळी, ड्रिल, लोखंडी खरवडणी, पाजवायचा दगड.

सामान, आपल्या एका खोलीपुरतं :

- स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, १० नंबर, अडीच इंची : चौदा फळ्या, नऊ कड्या, प्रत्येक जागी दोन, म्हणजे २५२. तीनशे घ्या.
- बोरॅक्स ३०० ग्रॅम, बोरिक पावडर २०० ग्रॅम
- पॉलिश पेपर : ६०, ८० आणि १२० नंबर
- बेल तेल (उकळलेलं जवसाचं तेल) अडीच लिटर, टर्पेंटाइन दीड लिटर
- पाणी सोसणारा लाकडाचा गोंद अर्धा किलो
- शंखजिऱ्याची पूड पाव किलो (कशाला ते पुढे येईल)
- एन-९५ मुखपट्ट्या, चष्मा, हातमोजे. सागाच्या भुश्यानं पुष्कळांना खाज आणि शिंका येतात.

लाकडातली ओल मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. घाटावर १२ टक्क्यांच्या आसपास, किनाऱ्यावर १४-१५ आलं तरी काम सुरू करायला हरकत नाही. १८ च्या वर असेल तर त्या जागी कुठून तरी पाणी येत आहे.

४. वरचा थर : माती, सारवण, रंग

पुष्कळ माड्यांवर फळ्यांवर मातीचा थर आणि त्यावर सारवण असतं. चार इंच जाडीची माती दर चौरस मीटरला साधारण १६० किलो भरते. आपल्या १२० चौरस फुटांच्या खोलीत हे ओझं पावणेदोन टनांच्या घरात जातं. कड्या वाकलेल्या दिसतात त्याचं कोडं इथेच सुटतं. शिवाय माती ओल धरते आणि वाळवीला आडोसा देते.

माती एका बाजूनं सलग उकरत नेऊ नका. दोन्ही टोकांकडून थोडी थोडी काढा, पाट्या भरून लगेच खाली उतरवा. माडीच्या मधोमध ढीग घातलात तर सगळं ओझं एका-दोन कड्यांवर येईल.

फळ्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासायचा नाही. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगात शिसं असेल असंच धरून चाला. पाण्याचा हलका फवारा मारून खरवडणीनं काढा, खपल्या ओल्या असतानाच पिशवीत भरा, आणि त्या दिवशी मुलांना त्या मजल्यावर येऊ देऊ नका.

५. तपासणी : इथे दोन दिवस घालवा

बाकी सगळं कारागिरावर सोडा, पण हे काम स्वतः करा. एक खडू, एक टोकदार स्क्रूड्रायव्हर आणि बॅटरी पुरे.

*ठोकून ऐका.* हातोडीच्या दांड्यानं दर वीतभर अंतरावर ठोका. धडधाकट फळी ‘ठण’ वाजते, पोखरलेली ‘भद्’ आवाज काढते. भद् वाजलेल्या जागी खडूनं फुली.

*टोचून बघा.* फुलीवर स्क्रूड्रायव्हर दाबा. सूतभर गेला तर वरचाच थर सडलाय, रंध्यानं निघेल. तीन-चार सूत सहज आत शिरला तर तेवढा तुकडा बदलायचा.

*वाळवी की भुंगा?* दोघांचे उपाय वेगळे आहेत. वाळवी मातीच्या नळ्या करून येते, लाकूड आतून थरथर खाते आणि पोकळीत माती भरते. भुंगा बारीक गोल भोकं पाडतो, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, आणि पिठासारखी भुकटी सांडतो. तो बहुधा कडेच्या पांढऱ्या लाकडात असतो, गाभ्यात क्वचित. आता भोकं दिसली म्हणजे भुंगा जिवंत आहेच असं नाही, तो तीस वर्षांपूर्वी जेवून गेलेला असू शकतो. म्हणून फळीखाली, कडीच्या शेजारी, काळा कागद टाचून ठेवा. फळी ठोकून जुनी भुकटी आधी झाडून घ्या, मग आठवडाभर हात लावू नका. आठव्या दिवशी कागदावर ताजी, फिकट पिवळसर भुकटी दिसली तर औषध हवं. कागद कोरा राहिला तर महिनाभरानं आणखी एकदा बघा.

*कड्यांची टोकं.* सगळ्यात जास्त सड तिथे असते आणि सगळ्यात कमी लोक तिथे बघतात. कडीचं टोक भिंतीत गेलेलं असतं, भिंत ओल पिते, टोक वर्षानुवर्षं भिजत राहतं. खालच्या खोलीतून शिडीवर चढून प्रत्येक टोक भिंतीलगत तिरकं टोचा. पश्चिमेच्या, झडीच्या भिंतीपासून सुरुवात करा.

*वाक मोजा.* कडीच्या दोन टोकांना सुतळी ताणून बांधा आणि मधलं अंतर मोजा. दहा फुटी कडीला तीन-चार सूत वाक असेल तर घाबरू नका. इंचाच्या वर असेल, किंवा कडीला आडवी चीर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. फळ्यांच्या कामात ती गोष्ट बसत नाही.

शेवटी कागदावर खोलीचा नकाशा काढा. फळ्यांना भिंतीपासून १, २, ३ असे क्रमांक, कड्यांना अ, आ, इ. प्रत्येक फुली नकाशावर उतरवा. फळी ७, कडी ‘इ’जवळ, चार सूत, असं.

६. फळ्या उचलणं

इथे घाई केली की चांगली फळी फुटते, आणि फुटते ती नेमकी सर्वांत लांब आणि रुंद असलेली.

प्रत्येक फळीच्या पाठीवर क्रमांक आणि दरवाजाच्या दिशेनं बाण काढा. पेन्सिलीनं लिहा, खडू पुसतो. सुरुवात भिंतीलगतच्या फळीपासून. आधी दोन फळ्यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बघा : कुठे अडतंय? फळ्या जीभ-खाचेत किंवा अर्ध्याला अर्ध्या खाचेत बसवलेल्या असतील तर मधली फळी सरळ वर उचलता येत नाही, टोकापासूनच यावं लागतं.

जुने घडीव चौकोनी खिळे गंजून लाकडाला चिकटलेले असतात. वरून उपटायला गेलात तर माथ्याभोवती बशीएवढा खड्डा पडतो. म्हणून पहार फळी आणि कडीच्या मधे घालायची, पहारीखाली लाकडी पट्टीचा तुकडा द्यायचा (नाहीतर कडीवर खळगा पडतो) आणि खिळ्याच्या अगदी जवळून, दोन-दोन सूत करत उचलायचं. हलत नसेल तर झालेल्या फटीत पातं घालून खिळाच कापा. कापलेला खिळा नंतर पाठीकडून पंचानं ठोकला की माथा वर येतो, मग अंबुरानं धरा.

काढलेल्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या करू नका, वाकतात. सपाट जागेवर, दर दोन फुटांवर पट्ट्या देऊन, थरावर थर रचा आणि वर वजन ठेवा. एका वेळी निम्म्याच खोलीच्या फळ्या उचला. उघड्या कड्यांवरून चालावं लागेल तिथे दोन जाड फळ्या मोकळ्या टाकून ठेवा.

७. औषध

वाळवी चालू असेल तर परवानाधारक कीटकनाशकवाल्याला बोलवा. वाळवीचं मूळ जमिनीत असतं. पायथ्याशी, भिंतीच्या बुडाशी उपाय झाला नाही तर माडीवर कितीही फवारा, ती दुसऱ्या वाटेनं वर येते. फवारणीनंतर त्याने सांगितलेले दिवस तिथे झोपू नका, आणि खाली स्वयंपाकघर असेल तर भांडी हलवा.

भुंग्यासाठी आणि पुढच्या बचावासाठी बोरॅक्स पुरेसं आहे. १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. उघड्या, तेल-रंग नसलेल्या लाकडाला ब्रशनं दोन हात द्या, दुसरा हात पहिला ओला असतानाच. फळीची पाठ, कडा आणि विशेषतः टोकं भिजली पाहिजेत. मग सावलीत, वारं लागेल असं आठ दिवस वाळवा. हे औषध पाण्यानं धुऊन जातं, त्यामुळे झडीच्या जागी ते भरवशाचं नाही.

कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण फक्त कड्यांच्या टोकांना आणि भिंतीत जाणाऱ्या भागाला. ते तेल कातडी भाजतं, काळं पडतं आणि लवकर वाळत नाही. जिथे माणसं बसतात तिथे वापरायचं नाही. लावताना जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या.

८. कड्या आणि ठिगळं

कडीचं टोक सडलं असेल तर पूर्ण कडी बदलायची गरज नाही. आधी खालून टेकू द्या. सडलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, आणि दोन्ही बाजूंना त्याच उंचीचे, दोन-दोन इंच जाड लाकडाचे जोड लावून १२ मिलिमीटरच्या बोल्टांनी आरपार आवळा. जोड धडक्या कडीवर निदान तीन फूट आला पाहिजे, बोल्ट दीड-दीड फुटावर आणि एकाच ओळीत न घेता खालीवर. भिंतीतल्या खोबणीत नवं टोक बसवताना तिन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवा. हवा खेळली की टोक वाळतं. ती जागा सिमेंटनं बुजवणं ही गवंड्याची आवडती चूक आहे. तो काम संपवून जाईपर्यंत तिथेच उभे राहा.

फळीचा तुकडा बदलायचा तर काप नेहमी कडीच्या मध्यावर घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना बूड मिळतं. लहान सडीसाठी ठिगळ : नावेच्या आकाराचं, दोन्ही टोकं निमुळती, रेषा फळीच्या रेषांना समांतर. चौकोनी ठिगळाच्या आडव्या सांध्यात धूळ बसते आणि तो दुरून दिसतो, निमुळत्या टोकाचा सांधा रेषांत हरवतो. ठिगळ अर्ध्या जाडीपर्यंत उतरवा आणि सूताच्या चौथ्या भागाएवढं वर ठेवा, नंतर रंध्यानं समतल होईल.

साग तेलकट असतो. गोंद लावायच्या आधी दोन्ही बाजू थिनरच्या फडक्यानं पुसा आणि पंधरा मिनिटांत चिकटवा, नाहीतर वर्षभरात ठिगळ हातात येतं.

लाकूड तेच वापरा. सागात साग, फणसात फणस, किंजळ-ऐनात किंजळ-ऐन. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा मुंबईत रे रोडच्या बाजूला विचारावं. विकत घेताना घनफुटाचा हिशेब स्वतः करा : ८ फूट × ९ इंच × सव्वा इंच म्हणजे ०.६२५ घनफूट. खिळ्यांची भोकं आणि फुटकी टोकं वजा करून मोजायला सांगा. आणलेलं लाकूड त्याच खोलीत, पट्ट्या देऊन, तीन-चार आठवडे पडू द्या, मगच कापा.

९. परत बसवणं

कडीच्या माथ्यावरची धूळ झाडा आणि फळी टेकेल तिथे शंखजिऱ्याची पूड भुरभुरा. करकर ही बहुधा लाकडावर लाकूड घासण्याची, किंवा सैल खिळ्यावर फळी वरखाली होण्याची असते. पहिलीला शंखजिरं, दुसरीला स्क्रू.

फळ्या क्रमांकानं, बाणाच्या दिशेनं लावा. भिंतीलगत तीन सूत मोकळी जागा, ती नंतर लाकडी पट्टीखाली झाकते. पट्टी भिंतीला ठोका, फळीला नाही. दोन फळ्यांमधे रुपयाचं नाणं उभं घालून अंतर ठेवा. फेब्रुवारीत ही फट डोळ्याला खुपते, पण जुलैत ती भरून येते.

स्क्रू जुन्या खिळ्याच्या भोकात घालू नका, धरत नाही. जुन्या भोकात गोंद लावून सागाची किंवा बांबूची मेख ठोका, आणि नवं भोक इंचभर बाजूला पाडा. फळीत ५ मिलिमीटर, खाली कडीत साडेतीन मिलिमीटर. फळीतलं भोक मोठं असल्यामुळे स्क्रूची पकड फक्त कडीत बसते आणि माथा फळीला खाली ओढतो. दोन्हीकडे एकच बारीक भोक पाडलंत तर फळी कडीपासून तसूभर वर राहून तिथेच अडकते, आणि करकर कायम. स्क्रूच्या आट्यांना साबण चोळा. माथा दोन सूत खाली उतरवा आणि वर त्याच लाकडाची गोल डाट बसवा, रेषा जुळवून.

एका कडीवर एका फळीला दोनच स्क्रू, कडेपासून दीड-दोन इंच आत. तिसरा स्क्रू ‘मजबुतीसाठी’ मारला की फळीला हलायला जागा राहत नाही आणि ती मधोमध उभी चिरते.

१०. फटी : भरायच्या कुठल्या, सोडायच्या कुठल्या

एक सूतपर्यंतची फट सोडून द्या.

एक ते तीन सूत फटीसाठी त्याच लाकडाची, खाली निमुळती होत जाणारी पट्टी कापा. गोंद फक्त एका कडेला लावा आणि पट्टी हलक्या हातानं ठोका. दोन्ही कडांना गोंद लावला तर दोन फळ्या एक होतात, आणि आक्रसताना तिसरीकडेच नवी चीर पाडतात.

तीन सूतांहून मोठी फट म्हणजे फळी सरकलेली आहे. भरू नका, तिच्यापासून पुढच्या फळ्या काढून परत सरकवून बसवा.

लांबी (पुटी), पीओपी, पांढरं सिमेंट, एम-सील यातलं काहीही फटीत घालायचं नाही. लाकूड हलतं, हे हलत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात चुरा होतो, आणि तो चुरा खालच्या ताटात. ढेकणांसाठी म्हणून फटी बुजवायची चाल आहे, पण ढेकूण फटीच्या खालच्या बाजूला राहतात, लांबीला भीत नाहीत.

११. समतल करणं आणि घासणं

आधी फळ्यांत राहून गेलेल्या प्रत्येक खिळ्याचा माथा सूतभर आत ठोका. एक राहिला तरी रंध्याचं पातं जातं. सागात वाळूसारखे कण असतात, पातं तसंही लवकर बोथटतं, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाजवावं लागतं.

उंचसखल सांधे आधी तिरक्या हातानं रंधून काढा, मग रेषांच्या दिशेनं. खूप उंच-खोल नसेल तर नुसती खरवडणी पुरते, आपले जुने सुतार काचेच्या ताज्या तुकड्यानं हेच करतात आणि फार सुरेख करतात. नंतर पॉलिश पेपर ६०, ८०, १२०, नेहमी रेषांच्या दिशेनं. पट्ट्याचं घासायचं यंत्र भाड्यानं आणलंत तर ते चालू असताना एका जागी क्षणभरही थांबवू नका, बशीसारखा खळगा पडतो आणि तो तेल दिल्यावरच दिसतो. १२० च्या पुढे जायचं नाही. फार गुळगुळीत केलं तर तेल मुरत नाही, आणि पायही घसरतो.

पावलांनी झिजलेला उंबऱ्याजवळचा खोलगट भाग तसाच ठेवा, असं माझं मत. तो सपाट करायला आख्ख्या खोलीची जाडी कमी करावी लागते.

खिळ्याभोवती काळे डाग असतील तर ते लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचे आहेत, घासून जात नाहीत. ऐन-किंजळात जास्त दिसतात. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, डागावर ब्रशनं, अर्ध्या तासानं स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसून घ्या. हे विष आहे. हातमोजे घाला, बाटलीवर नाव लिहा आणि वाळल्यावर त्या जागी कोरडं घासताना मुखपट्टी विसरू नका.

१२. तेल की पीयू?

चपड्याचं (लाखेचं) पॉलिश जमिनीवर नको. पाण्याचा पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं.

पीयू (पॉलियुरेथेन, वर प्लास्टिकसारखा थर धरणारं पॉलिश) टणक असतं, वर्दळीच्या खोलीत टिकतं. पण सागाच्या तेलकटपणामुळे आधी थिनरनं पुसावं लागतं, आणि चार वर्षांनी एका जागी सोललं की सगळी खोली पुन्हा घासावी लागते. जुन्या, हलणाऱ्या फळ्यांना मी तेलच सांगेन. झिजलेल्या जागी फडक्यानं पुन्हा लावलं की भागतं. तेलाचं वाईट एवढंच की दमट हवेत जाड थर दिला तर त्यावर बुरशी धरते.

कच्चं जवसाचं तेल नको, आठवडे चिकट राहतं. बेल तेल घ्या. पहिला हात : तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. दुसरा आणि तिसरा : दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. प्रत्येक हात लावून वीस-तीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढा. ही पायरी चुकली की जमीन महिनाभर पायाला चिकटते. दोन हातांत निदान दोन दिवस. शेवटच्या हातानंतर आठवडाभर सामान ठेवू नका, सतरंजी तर मुळीच नाही.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि फडक्यांच्या ढिगात ती उष्णता साठून काडी न लावता आग लागते. तेलकट भुसाही तसाच. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा अंगणात दगडाखाली एकेक पसरून वाळवा. लाकडी घरात या एका गोष्टीवर तडजोड नाही.

१३. पुढची निगा

केर रोज, पुसणं पिळलेल्या फडक्यानं, फिनेल नाही. पलंगाच्या पायांखाली कापडाच्या चकत्या. कौलं मृगाच्या आधी एकदा आणि पहिल्या मोठ्या झडीनंतर पुन्हा बघायची. दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की चालण्याच्या वाटेवर एक पातळ हात.

पहिल्या पावसाळ्यात एखादी फळी कडेनं उचलली तर रंधा काढू नका, ती मार्चमध्ये आपोआप बसते. मार्चमध्येही नाही बसली तर भिंतीलगतची मोकळी जागा भरून गेली आहे का ते बघा, बहुतेक वेळा रंगकाम करणाऱ्याने तिथे सिमेंट दाबलेलं सापडतं.

उरलेले सागाचे तुकडे जाळू नका. फळ्यांच्या नकाशासकट माळ्यावर, कोरड्या जागी बांधून ठेवा. पुढच्या ठिगळाला त्याच झाडाचं लाकूड लागेल.